ऑस्ट्रेलियातील वणवे : वन-परिसंस्था, वस्ती आणि लोकसमूहांची जोखीम

गोषवारा :
ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील वनांत आग ही नैसर्गिक घटना आहे. तथापि त्याच वनांच्या कडेला वसलेल्या वस्त्यांसाठी ती वारंवार प्राणघातक ठरली आहे. प्रस्तुत लेखात १९३९, १९८३, २००९ आणि २०१९-२० या वर्षांतील मोठ्या वणव्यांच्या आधारे वन-परिसंस्था, हवामान, घरांची रचना आणि लोकांचे निर्णय यांविषयीच्या संशोधनाचा परिचय करून दिला आहे. वणव्याची जोखीम केवळ वनात अथवा केवळ माणसाच्या वर्तनात नसून ती या दोहोंच्या संधिरेषेवर निर्माण होते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : वणवा, निलगिरी वने, नियंत्रित जाळणी, वन-वस्ती सीमा, लोकसमूहाची जोखीम.

१. प्रस्तावना :
फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत सह्याद्रीच्या उतारांवर रात्री आगीची वेडीवाकडी रेघ सरकताना दिसते. हा वणवा बहुधा जमिनीलगतचे वाळलेले गवत आणि पाचोळा जाळत पुढे जातो. मोठ्या वृक्षांचे शेंडे त्यात क्वचितच पेटतात. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील वणवा याहून फार वेगळा आहे. तेथे तो ‘बुशफायर’ या नावाने ओळखला जातो. ‘बुश’ या शब्दात गवताळ माळ, झुडपी रान आणि उंच वृक्षांचे घनदाट अरण्य या सर्वांचा समावेश होतो. प्रतिकूल हवामानात तेथील आग जमिनीवरून झाडांच्या सालीवर आणि सालीवरून शेंड्यांवर चढते. पेटती सालपटे वाऱ्यावर उधळीत ती कित्येक किलोमीटर पुढे नव्या आगी लावते. प्रस्तुत लेखात ‘वणवा’ हा शब्द या अर्थाने वापरला आहे.

शनिवार, दि. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात एकाच दिवशी लागलेल्या वणव्यांत १७३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ११३ जणांचा मृत्यू घरांच्या आत झाला. ही संख्या अंतर्मुख करणारी आहे. त्या वेळी प्रचलित असलेल्या धोरणानुसार पूर्वतयारी केलेले घर हे वणव्यातील आश्रयस्थान मानले जात होते. ज्या घराचा भरवसा धरावा असे सांगितले गेले, त्याच घरांत इतकी माणसे का दगावली, हा प्रश्न त्यानंतरच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आला. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका विद्याशाखेजवळ नाही. वनस्पतिशास्त्र, हवामानशास्त्र, स्थापत्यशास्त्र आणि समाजशास्त्र या चारही शाखांना त्यासाठी एकत्र यावे लागले. या एकत्रित ज्ञानाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. आगीशी जुळवून घेतलेले वन :
ऑस्ट्रेलियातील बहुसंख्य वने युकॅलिप्टस कुळीच्या, म्हणजे मराठीत ज्यांना निलगिरी म्हणतात त्या वृक्षांची आहेत. या वृक्षाच्या सातशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांच्या पानांतील तेल ज्वलनशील असते. अनेक जातींची साल लांब पट्ट्यांच्या किंवा धाग्यांच्या रूपाने सुटून खोडाला लोंबत राहते. कोरड्या हवेत पाचोळा कुजण्याचे प्रमाण कमी असल्याने वर्षानुवर्षे जमिनीवर इंधनाचा थर साचत जातो. अशा वनाला आग अनोळखी नसते.

आगीनंतर पुन्हा उभे राहण्याचे दोन प्रमुख मार्ग या वनस्पतींत आढळतात. पहिला मार्ग पुन्हा फुटण्याचा. निलगिरीच्या बहुतेक जातींत जाड सालीच्या आत खोलवर सुप्त डोळे असतात. शेंडा जळून गेला तरी काही आठवड्यांतच काळ्या पडलेल्या खोडावर कोवळ्या पानांचे झुबके दिसू लागतात. काही जातींत बुंध्याशी, जमिनीलगत लाकडी गाठ असते व तिच्यातून नवे धुमारे येतात. दुसरा मार्ग बियांचा. बँक्सियाच्या अनेक जातींची फळे आगीच्या उष्णतेनेच उघडतात आणि बी राखेवर पडते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००४ मध्ये धुरातील एक संयुग वेगळे करून दाखविले. अनेक वनस्पतींच्या बियांना रुजण्याची चालना त्यामुळे मिळते. या गटातील संयुगांना पुढे ‘कॅरिकिन’ हे नाव देण्यात आले. तेथील मूलनिवासी न्यूनगार लोकांच्या भाषेतील धुराच्या शब्दावरून ते घेतले आहे.

यावरून ‘या वनांना आग हवीच असते’ असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. वनाला मानवते ती आग नव्हे, तर आगीची विशिष्ट लय. दोन आगींमधील अंतर, आगीची तीव्रता आणि आगीचा हंगाम या तिन्हींनी मिळून ही लय ठरते. तिला परिसंस्थाशास्त्रात ‘अग्निव्यवस्था’ असे म्हणता येईल. ही लय मोडली की आगीशी जुळवून घेतलेली वनस्पतीही टिकत नाही.

३. माउंटन अ‍ॅश वनाचे उदाहरण :
व्हिक्टोरिया व टास्मानियातील माउंटन अ‍ॅश हा जगातील सर्वांत उंच सपुष्प वृक्ष होय. त्याची उंची शंभर मीटरच्या घरात जाते. युकॅलिप्टस रेग्नन्स असे त्याचे शास्त्रीय नाव आहे. बहुसंख्य निलगिरींप्रमाणे तो आगीनंतर सहजी पुन्हा फुटत नाही. तीव्र आगीत तो मरतो आणि शेंड्यावरील बोंडांत राखून ठेवलेले बी राखेवर टाकतो. त्यातून एकाच वयाच्या रोपांचे दाट रान उगवते. ही रोपे भरपूर बी धरू लागण्यास साधारणतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. त्यापूर्वी पुन्हा तीव्र आग आली तर टाकण्यासाठी बीच नसते आणि त्या जागी बाभूळवर्गीय झुडपांचे रान माजते.

ही शक्यता केवळ कल्पनेतली नाही. माउंटन अ‍ॅशचा जवळचा नातलग असलेल्या अल्पाइन अ‍ॅशच्या वनांचे काही भाग २००३, २००६-०७ आणि २०१३ असे वारंवार जळाले. बी धरण्याआधीच रोपे नष्ट झाल्याने तेथे हवाई मार्गाने बी पेरावे लागले.

या वनाशी इतर जीवनही बांधलेले आहे. लेडबीटर्स पॉसम हा छोटा निशाचर प्राणी जुन्या माउंटन अ‍ॅशच्या ढोलीत राहतो. तो नामशेष झाला असे समजले जात होते, परंतु १९६१ मध्ये तो पुन्हा आढळला. त्याला राहण्याजोगी ढोली तयार होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. २००९ च्या आगीत त्याच्या अधिवासाचा मोठा हिस्सा जळाला. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे डेव्हिड लिंडेनमायर यांनी या वनांचा १९८० च्या दशकापासून सातत्याने अभ्यास केला आहे. तोड व आग यांमुळे जुनी वने कमी होऊन तरुण, दाट आणि अधिक ज्वलनशील वने वाढतात व ती पुन्हा जळण्याची शक्यता वाढते, असे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रतिपादन आहे. लाकूडतोडीचा आगीच्या तीव्रतेवर कितपत परिणाम होतो याबाबत अन्य संशोधकांनी मतभेद नोंदविले असून ही चर्चा दीर्घकाळ चाललेली आहे. व्हिक्टोरियातील शासकीय नैसर्गिक वनांमधील व्यापारी तोड दि. १ जानेवारी २०२४ पासून थांबविण्यात आली.

पाण्याचा संबंधही येथे लक्षात घ्यावा लागतो. मेलबर्न शहराचे पाणी मोठ्या प्रमाणावर याच वनांच्या पाणलोटातून येते. १९३९ च्या आगीनंतर वाढलेल्या वनांच्या प्रवाहनोंदींचा अभ्यास करून जॉर्ज कुचेरा यांनी १९८० च्या दशकात एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. तरुण, दाट रान जुन्या वनापेक्षा अधिक पाणी शोषून हवेत सोडते. त्यामुळे आगीनंतर सुमारे अडीच ते तीन दशकांनी ओढ्यांतील पाणी जुन्या वनाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यापर्यंत घटू शकते. वणव्याची किंमत राख थंड झाल्यावरही अनेक वर्षे मोजावी लागते, ती अशी.

४. हवामान, उतार आणि उडते निखारे :
वनात इंधन असले तरी ते आपत्तीत रूपांतरित करण्याचे काम हवामान करते. ऑस्ट्रेलियन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलन मॅकआर्थर यांनी १९६० च्या दशकात तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि कोरडेपणा यांवर आधारित ‘वनअग्नी धोका निर्देशांक’ तयार केला. १९३९ मधील भीषण दिवसाची स्थिती म्हणजे १०० अशी त्याची कमाल मर्यादा कल्पिलेली होती. उतार चढताना आगीचा वेग प्रत्येक दहा अंशांना साधारणतः दुप्पट होतो, हा मॅकआर्थर यांचाच नियम. डोंगरमाथ्यावरील घरांना अधिक धोका का असतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

व्हिक्टोरियातील मोठ्या वणव्यांत वाऱ्याचा बदल निर्णायक ठरतो. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, शीत आघाडी येण्यापूर्वी खंडाच्या अंतर्भागाकडून वायव्येचे तप्त व कोरडे वारे वाहतात. या वाऱ्यांनी आग आग्नेयेकडे लांबट पट्ट्याच्या रूपाने धावते. तिची आघाडी अरुंद आणि बगल लांब असते. सायंकाळी शीत आघाडी पोहोचताच वारा एकाएकी नैर्ऋत्येचा होतो. त्यामुळे आतापर्यंत मंदपणे जळणारी ईशान्येकडील संपूर्ण बगल हीच नवी आघाडी बनते. थंड वारा आल्याने सुटका झाली असे ज्यांना वाटते, त्यांच्यावर आग सर्वांत रुंद तोंडाने चालून येते.

याशिवाय उडत्या निखाऱ्यांचा प्रश्न आहे. निलगिरीची पेटती सालपटे आगीच्या ऊर्ध्वगामी झोतात वर जातात आणि दूरवर पडतात. २००९ मध्ये मुख्य आगीच्या ३० किलोमीटरहून अधिक पुढे नव्या आगी लागल्याची नोंद आहे. अशा स्थितीत रस्ता, नदी अथवा जाळरेषा आगीला अडवू शकत नाही.

५. प्रश्न बदलत गेले : १९३९ ते १९८३
प्रत्येक मोठ्या वणव्यानंतर चौकशी झाली आणि प्रत्येक चौकशीने निराळा प्रश्न विचारला, असे या इतिहासावरून दिसते. दि. १३ जानेवारी १९३९ च्या ‘काळ्या शुक्रवारी’ आणि त्याच्या आसपासच्या दिवसांत व्हिक्टोरियात ७१ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे वीस लाख हेक्टर क्षेत्र जळाले. न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने या आगी माणसांनीच लावलेल्या होत्या, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. वनांतील लाकूड गिरण्यांमध्ये सुरक्षित आश्रय नव्हता, हेही आयोगाने दाखविले. त्या काळचा प्रश्न ‘आग कोण लावतो आणि ती कोणी विझवावी’ असा होता. ग्रामीण भागासाठी स्वयंसेवकांवर आधारलेले स्वतंत्र अग्निशमन प्राधिकरण १९४५ पासून कार्यरत झाले, ते याच विचाराचे फलित होय.

दि. ७ फेब्रुवारी १९६७ रोजी टास्मानियात ६२ जण, तर दि. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलियात मिळून ७५ जण दगावले. १९८३ नंतर संशोधकांचे लक्ष घरांकडे वळले. माउंट मॅसिडन येथील घरांच्या अभ्यासात असे दिसून आले की, जेथे धडधाकट माणसे थांबून बारीकसारीक ठिणग्या विझवत राहिली, तेथे घर वाचण्याचे प्रमाण फार मोठे होते. दुसरीकडे, आग जवळ आल्यावर घाईने गाडीतून किंवा पायी निघालेल्यांचे मृत्यू अधिक झाल्याचे निरनिराळ्या घटनांतून पुढे आले. १९०० ते २००८ या काळातील ५५२ नागरी मृत्यूंचा पुढे जो एकत्रित अभ्यास झाला, त्यातही उशिरा केलेले पलायन हेच मृत्यूसमयीचे सर्वाधिक आढळणारे कृत्य ठरले.

या पुराव्यावर ‘तयारी करा, थांबून घर राखा किंवा लवकर निघून जा’ हे धोरण उभे राहिले. माणूस घराला वाचवितो आणि घर माणसाला वाचविते, हे त्याचे सूत्र होते. हे धोरण निराधार नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ते काळजीपूर्वक केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले होते. मात्र ती निरीक्षणे धडधाकट, सज्ज आणि निर्णय घेतलेल्या माणसांची होती.

६. दि. ७ फेब्रुवारी २००९ :
त्या शनिवारापूर्वी आग्नेय ऑस्ट्रेलियाने बारा वर्षांच्या आसपास चाललेला दीर्घ दुष्काळ सोसला होता. जानेवारीच्या अखेरीस मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस तापमान ४३ अंश सेल्सियसच्या वर राहिले. त्या उष्णतेच्या लाटेतच राज्यात नेहमीपेक्षा सुमारे ३७४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतर आढळले. ७ फेब्रुवारीला मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर पोहोचले. अनेक ठिकाणी मॅकआर्थर निर्देशांकाने शंभराची मर्यादा ओलांडली. जी मोजपट्टी सर्वांत वाईट दिवसासाठी बनविली होती, तीच त्या दिवशी अपुरी पडली.

दुपारी बाराच्या सुमारास किलमोर ईस्ट येथे वीजवाहिनी तुटून लागलेली आग सायंकाळपर्यंत किंगलेकच्या डोंगरमाथ्यावर पोहोचली. या एका आगीत ११९ जणांचा बळी गेला. मरिंडिंडी येथील आगीत, प्रामुख्याने मेरीसव्हिल गावात, ४० जण दगावले. सर्व आगींत मिळून दोन हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने जुलै २०१० मध्ये ६७ शिफारशींसह अंतिम अहवाल सादर केला. त्या दिवशीच्या अकरा प्रमुख आगींपैकी पाच आगी वीजयंत्रणेतील बिघाडामुळे लागल्याचे त्यात नमूद आहे. अनेक गावांना इशारा उशिरा मिळाला किंवा मिळालाच नाही, हेही आयोगाने नोंदविले.

मृतांच्या परिस्थितीचे जे विश्लेषण आयोगापुढे आले, त्यानुसार सुमारे ४४ टक्के मृत व्यक्ती बारा वर्षांखालील मुले, सत्तरीपुढील वृद्ध किंवा आजारी व अपंग अशा गटांतील होत्या. धोरणाच्या सूत्रात ‘माणूस’ हा शब्द होता. तो माणूस बहुधा सशक्त आणि प्रौढ कल्पिलेला होता. प्रत्यक्षात घराघरांत आजी-आजोबा होते, लहान मुले होती, पाहुणे होते. ‘थांबावे की जावे’ हा प्रश्न त्या सर्वांना सारखा लागू पडत नव्हता.

७. घर कसे जळते आणि माणूस कसे ठरवितो :
घर हे ज्वाळांच्या भिंतीमुळे जळते असा सर्वसाधारण समज आहे. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय विज्ञान संस्था ‘सीएसआयआरओ’च्या संशोधकांनी दीर्घकाळ केलेल्या पाहणीत मात्र बहुतेक घरांच्या नाशात उडत्या निखाऱ्यांचा वाटा असल्याचे आढळले. कौलांच्या फटी, पन्हळीत साचलेला पाचोळा, लाकडी ओसरी, फुटलेली काच अशा लहान जागांतून आग आत शिरते. आघाडी निघून गेल्यावरही कित्येक तास घर पेटू शकते. शेजारचे जळते घर हाही इंधनाचाच एक प्रकार ठरतो.

अंतराचे महत्त्व आकडेवारीवरून स्पष्ट होते. किंगलेक व मेरीसव्हिल येथे नष्ट झालेल्या इमारतींपैकी सुमारे २५ टक्के इमारती रानातच होत्या, तर सुमारे ६० टक्के रानाच्या कडेपासून दहा मीटरच्या आत होत्या. १९०१ ते २०११ या काळातील २६० वणव्यांत झालेल्या ८२५ मृत्यूंच्या अभ्यासात ७८ टक्के मृत्यू वनापासून तीस मीटरच्या आत झाल्याचे दिसून आले. इतक्या जवळ असलेल्या घराचा बचाव अतितीव्र दिवशी जवळपास अशक्य असतो. २००९ मध्येच बांधकामाचे राष्ट्रीय मानक सुधारून घराच्या जागेनुसार धोक्याच्या सहा श्रेणी ठरविण्यात आल्या. तथापि असे मानक मुख्यतः नव्या बांधकामाला लागू होते. जुनी घरे आहेत तशीच राहतात.

माणसांच्या निर्णयाविषयीचे संशोधन अधिक विचारप्रवर्तक आहे. जोश व्हिटेकर, जॉन हँडमर, जिम मॅक्लेनन आदी संशोधकांनी २००९ नंतर रहिवाशांच्या सविस्तर मुलाखती व सर्वेक्षणे केली. त्यांतून असे दिसले की, ‘थांबणारे’ आणि ‘जाणारे’ या दोन वर्गांखेरीज तिसरा एक मोठा वर्ग असतो, तो ‘पाहू, काय होते ते’ असे म्हणणाऱ्यांचा. हे लोक निष्काळजी असतातच असे नाही. उन्हाळ्यात धोक्याचे दिवस अनेक येतात व बहुतेक दिवशी काहीच घडत नाही. दर वेळी नोकरी, जनावरे आणि घर सोडून जाणे परवडत नाही. म्हणून ते धूर किंवा ज्वाळा दिसण्याची वाट पाहतात आणि तोवर सुरक्षित निघण्याची वेळ टळलेली असते. एकाच घरात पती थांबण्याच्या आणि पत्नी मुलांसह जाण्याच्या मताची, असेही अनेकदा आढळले. हा मतभेद आधी बोलून मिटविलेला नसल्याने शेवटच्या क्षणी निर्णय झाला.

घरात थांबलेल्या अनेकांनी आगीशी झुंज न देता आतील खोलीत, कित्येकदा न्हाणीघरात, आश्रय घेतला होता. अशा खोलीतून बाहेर काय चालले आहे ते दिसत नाही आणि बाहेर पडायला दुसरे दार नसते. घर आश्रय देऊ शकते. पण ते जळू लागल्यावर, बाहेरची आघाडी पुढे सरकताच, त्यातून बाहेर पडता आले तरच. ‘घर माणसाला वाचविते’ या वाक्यातील हा दुसरा भाग लोकांपर्यंत पोहोचलेला नव्हता. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या ११३ मृत्यूंचा अर्थ बऱ्याच अंशी येथे सापडतो.

आयोगाने जुने धोरण संपूर्णतः फेटाळले नाही. त्याचा गाभा योग्य ठरवून, अतितीव्र दिवशी लवकर निघून जाणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, हे ठळकपणे सांगावे असे सुचविले. त्यानंतर धोक्याच्या मोजपट्टीत ‘महाविनाशक’ अशी सर्वोच्च श्रेणी जोडण्यात आली. दूरध्वनीवरून इशारे देणारी यंत्रणा सुरू झाली आणि गावोगावी अखेरचा आश्रय म्हणून मोकळ्या जागा निश्चित करण्यात आल्या. दि. १ सप्टेंबर २०२२ पासून देशभर चार श्रेणींची एकच नवी धोकादर्शक पद्धती लागू झाली आहे.

८. इंधन कमी करण्याचा उपाय आणि त्याच्या मर्यादा :
थंड हंगामात मुद्दाम मंद आग लावून पाचोळा कमी करणे, म्हणजे नियंत्रित जाळणी, हा ऑस्ट्रेलियातील जुना उपाय आहे. २०१० च्या आयोगाने व्हिक्टोरियातील सार्वजनिक भूमीपैकी दरवर्षी किमान पाच टक्के क्षेत्र जाळावे, असे सुचविले होते. हे उद्दिष्ट गाठताना एक अडचण लक्षात आली. दूरच्या, निर्जन भागातील मोठी क्षेत्रे जाळली की टक्केवारी भरते. पण वस्तीची जोखीम फारशी घटत नाही. वस्तीलगतचे लहान तुकडे जाळणे अवघड, खर्चिक आणि धुराच्या तक्रारींना निमंत्रण देणारे असते. अखेरीस २०१५ च्या फेरविचारानंतर क्षेत्राचे उद्दिष्ट मागे पडून शिल्लक राहणारी जोखीम हा निकष स्वीकारण्यात आला.

सिडनी परिसरातील संशोधनानुसार वणव्याचे क्षेत्र एका हेक्टरने घटण्यासाठी साधारणतः तीन हेक्टर नियंत्रित जाळणी करावी लागते. शिवाय हवामान जितके प्रतिकूल, तितका या उपायाचा प्रभाव कमी होतो. म्हणजे नेमक्या सर्वांत धोक्याच्या दिवशी तो सर्वांत दुबळा ठरतो. त्याची उपयुक्तता नाकारता येत नाही. मात्र त्याच्यावर विसंबून घर वनाला चिकटून बांधणे समर्थनीय ठरत नाही.

या संदर्भात मूलनिवासी लोकांच्या अग्निज्ञानाचा विचार आवश्यक आहे. पुरातत्त्वज्ञ ऱ्हीस जोन्स यांनी १९६९ मध्ये या पद्धतीला ‘अग्निकाष्ठ शेती’ असे नाव दिले. शिकार, कंदमुळे आणि वाटा यांसाठी ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी लहान लहान आगी लावण्याची ही परंपरा होती. इतिहासकार बिल गॅमेज यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात संपूर्ण खंडाचे भूदृश्य अशा जाळणीने घडविले होते, असा व्यापक सिद्धांत मांडला. दक्षिणेकडील ओल्या वनांना तो कितपत लागू होतो, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. उत्तरेकडील पश्चिम अर्नहेम लँडमध्ये मात्र २००६ पासून मूलनिवासी वनरक्षक कोरड्या ऋतूच्या आरंभी जाळणी करतात. त्यामुळे ऋतूच्या अखेरच्या तीव्र आगी आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी झाल्याचे दिसून आले आहे. तेथे पारंपरिक ज्ञान आणि उपग्रह-नोंदी एकमेकांना पूरक ठरल्या आहेत.

९. २०१९-२० चा अनुभव :
ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतील सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे ठरलेल्या २०१९ या वर्षाच्या अखेरीस पेटलेल्या वणव्यांत देशभरात दोन कोटी चाळीस लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र जळाले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन चतुर्थांशाहून हे क्षेत्र मोठे आहे. तीन हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. दि. ३१ डिसेंबर २०१९ रोजी मॅलाकूटा या किनारी गावात सुमारे चार हजार लोकांना समुद्रकाठी आश्रय घ्यावा लागला. रस्ते बंद झाल्याने त्यांपैकी हजाराहून अधिक लोकांना नंतर नौदलाच्या जहाजांनी बाहेर काढले.

आगीत प्रत्यक्ष ३३ जण दगावले. त्यांत नऊ अग्निशामक होते. क्षेत्राच्या मानाने ही संख्या २००९ पेक्षा बरीच कमी आहे. त्यामागे सुधारलेले इशारे, वेळेवर केलेले स्थलांतर आणि आगीची वेगळी ठिकाणे अशी अनेक कारणे असू शकतात. त्यामुळे केवळ या तुलनेवरून धोरणाच्या यशाचा निर्वाळा देणे घाईचे ठरेल. शिवाय धुरामुळे झालेल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज चारशेहून अधिक आहे. ज्यांच्या घरापासून आग शेकडो किलोमीटर दूर होती, अशी माणसेही या वणव्याचे बळी ठरली. हवामानबदलामुळे अशा तीव्र अग्निहवामानाची शक्यता १९०० च्या तुलनेत किमान ३० टक्क्यांनी वाढल्याचे शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दाखविले आहे. वन, हवामान आणि वस्ती यांतील जुने समीकरण त्यामुळे अधिकच बिघडत आहे.

१०. निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आग्नेय ऑस्ट्रेलियातील वनांत आग अटळ आहे, परंतु आगीची लय बदलली तर आगीशी जुळवून घेतलेले वनही नष्ट होऊ शकते.
२) जीवितहानी प्रामुख्याने वनाच्या कडेला, काही मीटरांच्या पट्ट्यात होते. म्हणून घर कोठे आणि कसे बांधावे, हा वणव्याच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे.
३) नियंत्रित जाळणी उपयुक्त असली तरी अतितीव्र हवामानात ती पुरेशी ठरत नाही. तिचे मोजमाप क्षेत्राने नव्हे, तर घटलेल्या जोखमीने करावे लागते.
४) सशक्त प्रौढ माणूस गृहीत धरून आखलेले धोरण मुले, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी घातक ठरू शकते.
५) लोकांचा निर्णय आगीच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी कुटुंबात झालेल्या संवादावर अवलंबून असतो.

ऑस्ट्रेलियाचे हे निष्कर्ष अन्यत्र जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. महाराष्ट्रातील पानझडी वनांतील आग, तिची कारणे आणि तिच्याशी संबंधित लोकजीवन हे सर्व भिन्न आहे. मात्र तेथील संशोधनाने स्वीकारलेली पद्धती अनुकरणीय आहे. ज्या धोरणावर लोकांनी विश्वास ठेवला, तेच धोरण मृतांच्या नोंदींसमोर पुन्हा तपासण्याचे धैर्य तेथील संशोधकांनी व आयोगाने दाखविले. धोरण चुकीच्या पुराव्यावर नव्हे, तर अपुऱ्या पुराव्यावर उभे होते, हे त्यातून कळले. वनाविषयीचे ज्ञान आणि त्या वनाच्या कडेला राहणाऱ्या माणसांविषयीचे ज्ञान ही दोन्ही एकत्र येत नाहीत, तोवर ते अपुरेच राहते.